नकाशा वाढला म्हणून गेम रांगत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही वर्षानुवर्षं खेळत असलेल्या ग्रँड स्ट्रॅटेजी गेमचं, म्हणजे नकाशावर राज्यं चालवायच्या गेमचं, मोठं एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडायची विकतची भर) येतंय. नकाशाला एक अख्खा नवा प्रदेश जोडला जाणार, त्यात शेकडो नवे राजे, नवे धर्म, नवी दरबारी पदं. तुमच्या मशीनवर सुरुवातीची दोनशे वर्षं गेम पळतो, पण शेवटच्या शतकात एकेक महिना सरता सरत नाही. घोषणा झाल्यापासून खेळाडूंमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, कधी एकदा येतंय. दुसरा म्हणतो, आधी आहे तो गेम धड चालवून दाखवा. तुम्ही विचारलंय की एक्स्पान्शन आत्ताच घेऊन ठेवावं का, ग्राफिक्स कार्ड बदलावं का, आणि 'इंजिनच (गेमच्या पायाचं सॉफ्टवेअर) जुनं झालंय' हे कितपत खरं. गेमचं नाव तुम्ही दिलेलं नाही. ते नसलं तरी चालेल, कारण या प्रकारच्या सगळ्याच गेमचं दुखणं साधारण एकाच जागी असतं.

आधी उत्तर देते, मग कारणं. प्री-ऑर्डर करू नका. ग्राफिक्स कार्डाला हात लावू नका. 'इंजिन जुनं' हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. तुमची भीती मात्र खरी आहे, फक्त तिचं बोट चुकीच्या गोष्टीकडे आहे. नकाशा किती मोठा होतोय याने फारसं बिघडत नाही. त्या नकाशावरच्या नव्या राजांना दर दिवशी किती प्रश्न पडणार आहेत, यावर तुमचं शेवटचं शतक अवलंबून आहे.

सिम्युलेशनच्या कोडचा वेग वाढवणं हे माझं बारा वर्षांचं काम आहे, आणि त्याच्या आधीपासून मी याच जातीच्या गेमसाठी मॉड, म्हणजे खेळाडूंनी स्वतः लिहिलेले बदल, लिहीत आले आहे. त्यामुळे खाली जे सांगते त्यातलं बरंचसं स्टॉपवॉच हातात धरून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट निदानाची. अशा गेममध्ये दोन घड्याळं चालतात. एक चित्राचं, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम पडद्यावर येतात. दुसरं जगाचं, म्हणजे गेममधला एक दिवस सरायला किती वेळ लागतो. लोक दोन्हींना 'लॅग' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. तुमची शेवटच्या शतकातली सेव्ह (साठवलेला डाव) उघडा, गेम पॉज करा आणि कॅमेरा नकाशावरून जोरात फिरवा. फिरणं गुळगुळीत असेल तर ग्राफिक्स कार्ड निर्दोष आहे. आता पॉज काढून वेग कमाल करा. तारीख अडखळायला लागली, तर घोडं प्रोसेसरवर पेंड खातंय. तुम्ही जे वर्णन केलंय, सुरुवात वेगात आणि शेवट रांगत, ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या घड्याळाचं असतं. अशा वेळी महागडं ग्राफिक्स कार्ड आणणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

उलटं उदाहरणही आहे. सिटीज स्कायलाइन्स २ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तेव्हा ओरड पहिल्या घड्याळाची होती. अपेक्षित वेग गाठता आलेला नाही हे गेम बाजारात येण्याआधीच निर्मात्यांनी कबूल केलं होतं. लोकांनी आत डोकावून पाहिलं तेव्हा नागरिकांच्या मॉडेलमध्ये दात सुद्धा पूर्ण तपशिलात कोरलेले सापडले. कॅमेरा शहरावर उंच असताना ते दात कोणाला दिसणार? पण कार्डाला ते काढावे लागत होते. तिथे सेटिंग्ज कमी करून फरक पडत होता. तुमच्या गेममध्ये सावल्या बंद केल्याने १८५० सालचा जानेवारी लवकर संपणार नाही.

मग पुढची तक्रार ठरलेली असते: सोळा थ्रेडचा, म्हणजे एकाच वेळी सोळा कामं हाती घेणारा प्रोसेसर घेतला, टास्क मॅनेजरमध्ये एकच भरलेला दिसतो, हे प्रोग्रामर करतात तरी काय? हा राग मला समजतो, पण त्यामागचं कारण आळस हे नाही. एका प्रांतातून कर आला, त्या पैशावर राजाने फौज उभी केली, ती फौज पाहून शेजाऱ्याने तह मागितला. या तीन गोष्टी एकाच वेळी तीन कोरना (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांना) वाटून देता येत नाहीत, कारण प्रत्येक गोष्ट आधीच्या उत्तराची वाट पाहते. शिवाय मल्टिप्लेअरची एक अट असते. जगातल्या हजारो वस्तूंची स्थिती इंटरनेटवरून सतत पाठवणं परवडत नाही, म्हणून असे अनेक गेम फक्त खेळाडूंचे हुकूम पाठवतात आणि प्रत्येक मशीन अख्खं जग स्वतःच मोजतं. चार मशीनवर चार वेगळे प्रोसेसर असले तरी उत्तर शेवटच्या बिटापर्यंत सारखं यावं लागतं. थ्रेड मागेपुढे संपले, एखाद्या राजाने यादृच्छिक संख्या दुसऱ्याच्या आधी उचलली, की दोन मशीनवर दोन वेगळे इतिहास सुरू होतात आणि पडद्यावर 'आउट ऑफ सिंक' झळकतं. समांतर काम करता येतं, आजकालचे गेम बऱ्यापैकी करतातही. पण प्रत्येक ठिकाणी ही शिस्त पाळून.

आणि इतकं करूनही मर्यादा सुटत नाही. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेलं गणित इथे अक्षरशः लागू पडतं. एका दिवसाच्या कामापैकी ४० टक्के काम क्रमानेच करावं लागत असेल, तर आठ कोरवर एकूण वेग सुमारे २.१ पट होतो. कोर कितीही वाढवा, २.५ पटीच्या पुढे तो जातच नाही. म्हणून अशा गेमसाठी कोरच्या संख्येपेक्षा एका कोरचा वेग महत्त्वाचा.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येते: एक्स्पान्शन आल्यावर नक्की काय वाढतं?

प्रांत वाढतात, पण नुसता प्रांत स्वस्त असतो. महिन्यातून एकदा कर, कधीतरी बंडाची शक्यता, संपलं. महाग असतात ती निर्णय घेणारी पात्रं. एक हजार पात्रं आहेत आणि प्रत्येकाने इतर प्रत्येकाकडे 'याच्याशी लग्न जमेल का, याच्याविरुद्ध कट करता येईल का' म्हणून पाहायचं ठरवलं, तर दहा लाख नजरा झाल्या. पात्रं दीड हजार झाली की नजरा साडेबावीस लाख. लोकसंख्या दीडपट, काम सव्वादोनपट. कोणताही शहाणा निर्माता प्रत्येकाला प्रत्येकाकडे पाहू देत नाही. अंतर, दर्जा, ओळख अशा चाळण्या लावतो. त्या चाळण्या नव्या सामग्रीला नीट लागल्यात की नाही, सगळा खेळ तिथे असतो.

मध्ययुगीन राजघराण्यांच्या क्रुसेडर किंग्ज २ चं उदाहरण मी नेहमी देते. हा गेम फेब्रुवारी २०१२ मध्ये आला आणि मार्च २०१४ मधल्या 'राजाज ऑफ इंडिया'ने नकाशा भारतापर्यंत वाढवला. आज तुम्हाला वाटतेय तीच काळजी तेव्हाही होती: एवढे राजे वाढले तर गेम चालणार कसा? पुढे निर्मात्यांनी वेळ कुठे जातो ते बारकाईने मोजलं, तेव्हा सापडलेला एक मोठा अपराधी नकाशा नव्हताच. बायझंटाइन परंपरेप्रमाणे गेममध्ये ग्रीक पात्रांना शत्रूला आंधळं किंवा नपुंसक करण्याची मुभा होती, आणि ही ग्रीक पात्रं आजूबाजूच्या प्रत्येक माणसाबद्दल तो विचार सतत करत बसली होती. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येणार होतं. त्या 'नाही'साठी प्रोसेसर झिजत होता. तो एक प्रश्न आवरला आणि गेम वेगवान झाला, एकही प्रांत न काढता.

असा अनुभव मला माझ्या स्वतःच्या मॉडमध्येही आला. वारसांच्या शिक्षणाची एक घटना लिहिली होती. तिच्या अटींमध्ये मी आधी 'राज्यात कुठेही शत्रूचा नातेवाईक आहे का' हा शोध टाकला होता आणि त्यानंतर 'हे पात्र अल्पवयीन आहे का' ही तपासणी. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्यासाठीही आधी अख्खा दरबार धुंडाळला जायचा आणि मग कळायचं की हा काही मूल नाही. दोन ओळींची अदलाबदल केली. घड्याळावर सहज दिसेल एवढा फरक पडला. लोक मला आठवडाभर सांगत होते की मॉडमधली चित्रं जड आहेत, आणि मी तेच खरं मानून चित्रं बारीक करत बसले होते. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही.

क्रुसेडर किंग्ज २ मध्येच नोव्हेंबर २०१७ साली 'जेड ड्रॅगन' आलं, तेव्हा निर्मात्यांनी चीन नकाशावर काढलाच नाही. एक स्वतंत्र पडदा, एक सम्राट, त्याचा मूड आणि त्याच्याशी करायचे व्यवहार. एवढं मोठं साम्राज्य, पण प्रोसेसरसाठी जवळपास एकच पात्र. मला हा उपाय फार आवडतो. नकाशावर नसलेल्या प्रांताला काही खर्च येत नाही. पुढे क्रुसेडर किंग्ज ३ ने २०२५ च्या ऑक्टोबरात 'ऑल अंडर हेवन'मधून चीन, कोरिया, जपान आणि आग्नेय आशिया खऱ्याखुऱ्या नकाशावर आणले, तेव्हा येण्याआधीची सगळ्यात मोठी शंका वेगाचीच होती. एक वाट सोपी आणि थोडी कोरडी, दुसरी समृद्ध आणि जोखमीची. तुमच्या एक्स्पान्शनने दुसरी वाट घेतली आहे, म्हणून प्रश्न विचारायलाच हवेत.

स्टेलारिसची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण वेगासाठी काय किंमत मोजावी लागते ते तिच्यात स्वच्छ दिसतं. मे २०१६ मध्ये आलेल्या या गेममध्ये ग्रहावर चौकोनी खाचा असायच्या आणि प्रत्येक खाचेत लोकसंख्येचा एक घटक. डिसेंबर २०१८ च्या २.२ आवृत्तीने, म्हणजे 'मेगाकॉर्प' एक्स्पान्शनसोबत, त्या खाचा काढल्या आणि नोकऱ्यांची पद्धत आणली. खेळायला ती कितीतरी खोल होती. पण आता प्रत्येक घटकाला प्रश्न पडू लागला: माझ्यासाठी याहून चांगली नोकरी कुठे आहे? आकाशगंगा भरत गेली तसे हजारो घटक हजारो नोकऱ्या न्याहाळू लागले आणि गेमचा शेवट रखडू लागला. पुढच्या आवृत्त्यांनी हिशेब सुधारला, पण २०२१ च्या ३.० मध्ये निर्मात्यांनी नियमच बदलला: साम्राज्य वाढेल तशी लोकसंख्यावाढ मंद होईल. वेगासाठी तो मोठा दिलासा होता. पण ज्यांना खचाखच भरलेले ग्रह आवडायचे त्यांना वाटलं की प्रोग्रामरची अडचण आपल्या माथी मारली, आणि त्यांचं तसं वाटणं गैर नव्हतं. मग मे २०२५ मध्ये ४.० आली, 'बायोजेनेसिस'च्या बरोबर. आता एकेक घटक वेगळा न मोजता सारख्या लोकांचे गट करायचे. जुना एक घटक म्हणजे नवे शंभर. कल्पना पक्की होती. शंभर सारख्या माणसांना एकच प्रश्न शंभरदा विचारण्याऐवजी एकदा विचारायचा. तरीही पहिले काही आठवडे खडतर गेले, बगही होते आणि वेगाच्या तक्रारीही, आणि मागोमाग पॅच, म्हणजे दुरुस्तीचे छोटे बदल, येत राहिले.

यातून मी एक गोष्ट पक्की धरली आहे. रचना चांगली असणं आणि पहिल्या दिवशी वेगवान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुना कोड वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेला असतो. नवा कोड, कितीही हुशारीने मांडलेला असो, खडबडीतच येतो. म्हणून 'आम्ही लोकसंख्येची पद्धत मुळापासून बदलली' असं घोषणेत वाचलं की मी दूरच्या पल्ल्यासाठी आनंदी होते आणि पहिल्या महिन्यासाठी सावध.

व्हिक्टोरिया ३ मध्ये हेच दुखणं दुसऱ्या वाटेने येतं. तिथे लोक आधीपासून गटात आहेत, पण पेशा, संस्कृती, धर्म आणि कामाचं ठिकाण यांच्या प्रत्येक जोडणीचा वेगळा गट होतो. स्थलांतर आणि धर्मांतर सुरू झालं की मोठ्या गटांचे तुकडे पडत जातात. माणसं तेवढीच, पण हिशेबाच्या ओळी दसपट. तुमच्या एक्स्पान्शनमध्ये नवे धर्म येणार आहेत असं तुम्ही लिहिलंय. गेम लोकसंख्या मोजणारा असेल, तर मी नव्या प्रांतांपेक्षा याच वाक्यावर थांबेन.

अजून एक बारकावा आहे आणि त्याबद्दल क्वचितच कोणी बोलतं. प्रोसेसरच्या पोटात छोटी पण अतिवेगवान कॅश मेमरी असते. जगाची माहिती तिच्यात मावते तोवर कामं झटपट होतात. ती ओसंडली की दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा घालावा लागतो, आणि तो हेलपाटा कित्येक पटींनी महाग. त्यामुळे एक्स्पान्शनने माहिती वीस टक्के वाढवली तर वेग वीस टक्केच उतरेल असं नाही. तुम्ही काठावर असाल तर उतार लागत नाही, कडा लागतो. दोन खेळाडूंचे अनुभव एकमेकांशी का जुळत नाहीत, याचं एक मोठं कारण हे आहे. एकाची माहिती कॅशमध्ये मावली, दुसऱ्याची सांडली. दोघेही खरं बोलतायत. एएमडीचे वाढीव कॅशवाले प्रोसेसर याच कारणाने या गेममध्ये उठून दिसतात. एप्रिल २०२२ मधल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ (तिसऱ्या स्तराची) कॅश होती, तर त्याच पिढीच्या साध्या ५८००एक्समध्ये ३२.

आता खेळाडूंच्या प्रतिक्रियांबद्दल. 'इंजिन फेकून द्या' म्हणणाऱ्यांना मी दोन उदाहरणं देते. टोटल वॉर वॉरहॅमर २ मधल्या 'मॉर्टल एम्पायर्स'च्या विराट नकाशावर टर्न (आपली पाळी) संपवल्यावर जांभया द्याव्या लागायच्या. २०२० मध्ये आलेल्या 'पोशन ऑफ स्पीड' बदलांनी ती वाट पाहणं कितीतरी कमी झालं. इंजिन तेच होतं. कारखाने उभारायच्या फॅक्टोरियोने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'स्पेस एज' एक्स्पान्शन आणलं तेव्हा सोबतच्या मोफत २.० आवृत्तीत पाइपमधल्या द्रवांचा हिशेबच नव्याने लिहिला. आधी प्रत्येक पाइप शेजारच्या पाइपशी हुज्जत घालायचा. आता जोडलेले पाइप मिळून एकच टाकी समजले जातात. इंजिन म्हणजे काही एकसंध दगड नाही. त्यातला नेमका कोणता भाग खर्चिक आहे हे सापडलं की तेवढाच बदलता येतो.

'मजकूर करणारे वेगळे, कोड सुधारणारे वेगळे, तेव्हा एक्स्पान्शन थांबवून काय मिळणार?' हा बचाव अर्धाच खरा आहे. चित्रकाराला थांबवून कोड वेगवान होत नाही, हे कबूल. पण नव्या यंत्रणा लिहिणारा प्रोग्रामर आणि जुन्या यंत्रणा वेगवान करणारा प्रोग्रामर बहुधा एकच माणूस असतो. एका मोठ्या सिम्युलेशन प्रकल्पावर मी स्वतः दोन्ही कामं केली आहेत. दर वेळी प्रदर्शनाची तारीख आली की वेगाचं काम पुढे ढकललं जायचं, कारण नवं वैशिष्ट्य जाहिरातीत दाखवता येतं आणि वाचवलेले मिलिसेकंद दाखवता येत नाहीत. खेळाडू जेव्हा 'आधी वेग' म्हणतात, तेव्हा आतल्या माणसांच्या हाताला बळ मिळतं. त्यामुळे ओरडू नका असं मी कधीच सांगणार नाही.

अविश्वासही उगाच आलेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपा युनिव्हर्सालिस ४ चं 'लेव्हायथन' इतक्या दोषांसह आलं की स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सर्वांत वाईट मूल्यांकनाच्या यादीत तळाला जाऊन बसलं. सिटीज स्कायलाइन्स २ चा मूळ गेम अडखळत असताना मार्च २०२४ मध्ये 'बीच प्रॉपर्टीज' विकायला काढलं गेलं. खेळाडू इतके भडकले की पैसे परत करून ते फुकट करावं लागलं. ज्यांचं तोंड या दुधाने पोळलंय ते ताक फुंकून पिणारच. त्यांना 'नकारात्मक' म्हणून हिणवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

पण फुंकणं उपयोगी पडावं असं वाटत असेल तर तक्रारीत आकडा हवा. 'गेम स्लो आहे' या वाक्यावर प्रोग्रामर काहीच करू शकत नाही. 'या सेव्हमध्ये, मॉडशिवाय, कमाल वेगावर पाच वर्षं सरायला मागच्या आवृत्तीत इतकी मिनिटं लागायची, आता इतकी' आणि सोबत ती सेव्ह फाइल, हे सोन्यासारखं असतं. अशी एक तक्रार आली की अर्ध्या दिवसात गुन्हेगार सापडल्याचं मी पाहिलं आहे.

तर मोजा, आणि आजच मोजा. एक्स्पान्शन आल्यावर तुलनेला जुना आकडा हाती नसतो. सगळे मॉड बंद करा. शेवटच्या शतकातली एक सेव्ह बाजूला काढून ठेवा. कॅमेरा समुद्रावर न्या, सगळ्या खिडक्या मिटा, वेग कमाल करा आणि फोनच्या घड्याळावर पाच वर्षं मोजा. तीनदा करा, मधला आकडा धरा. गेमचा आवृत्ती क्रमांक शेजारी लिहा. अडचण एवढीच की नकाशाच बदलणार असेल तर जुनी सेव्ह नव्या आवृत्तीत बहुधा चालणार नाही. त्यासाठी दुसरी मोजणी: नवा गेम सुरू करून कन्सोलमध्ये (गेममधल्या हुकूम टाइप करायच्या खिडकीत) निरीक्षकाचा हुकूम द्या, म्हणजे सगळी राज्यं संगणकाच्या हाती जातील, आणि शंभर वर्षं हात न लावता चालू द्या. क्रुसेडर किंग्ज, स्टेलारिस बनवणाऱ्या पॅराडॉक्सच्या बऱ्याच गेममध्ये ही सोय आहे. दर पंचवीस वर्षांनी वेळ टिपा. जग दर वेळी थोडं वेगळं घडेल, म्हणून दोन-तीनदा चालवा. सिव्हिलायझेशन ६ सारख्या टर्नच्या गेममध्ये तर संगणकाच्या टर्नचा वेळ मोजणारी चाचणी आतच दिलेली आहे.

हे सगळं एवढं रेटून सांगते कारण दोन सापळे आहेत. पहिला हा की वेग बिघडवणारा बदल अनेकदा विकतच्या एक्स्पान्शनमध्ये नसतोच. तो त्याच दिवशी सगळ्यांना मिळणाऱ्या मोफत पॅचमध्ये असतो. 'मी घेणारच नाही, म्हणजे माझा गेम सुरक्षित' हा समज त्यामुळे फसवा आहे. दुसरा सापळा परताव्याचा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत, आणि मूळ गेम त्यानंतर दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर डीएलसीचे, म्हणजे एक्स्पान्शनसारख्या विकतच्या भरीचे, पैसे परत मिळतात. तुमची अडचण सुरू होते चाळिसाव्या तासाला. तोवर परताव्याचं दार केव्हाच बंद झालेलं असतं. म्हणून क्रम असा ठेवा. पॅच आला की काहीही विकत न घेता निरीक्षक मोजणी करा. तो आकडा जुन्या आकड्याजवळ असेल आणि एक-दोन दुरुस्ती पॅच येऊन गेले असतील, तरच एक्स्पान्शन घ्या. घेतल्यावर मोहात पडून नवा राजा निवडायला बसू नका. पहिले दोन तास पुन्हा निरीक्षक मोजणीलाच द्या. कमाल वेगावर तेवढ्यात बरीच दशकं सरतात आणि निर्णय तुमच्या हातात राहतो.

पॅचने गेम बिघडलाच तर स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधल्या बीटा विभागात जाऊन जुनी आवृत्ती निवडता येते का पाहा. पॅराडॉक्ससारखे काही निर्माते जुन्या आवृत्त्या तिथे ठेवतात. चालू असलेला मोठा डाव त्याच आवृत्तीवर संपवा.

येणाऱ्या काही आठवड्यांत निर्माते जे लेख प्रसिद्ध करतील त्यात मी नेमकं काय शोधेन तेही सांगते. शेवटच्या शतकाचा, जुन्या आणि नव्या आवृत्तीचा शेजारी शेजारी ठेवलेला वेळ दिला आहे का. 'वेगावर काम चालू आहे' हे वाक्य मी मोजत नाही. नवे राजे दूरच्या राजांशी व्यवहार करण्याचा विचार किती दिवसांनी करतील, आणि अंतराची चाळणी आहे का. नवी पदं आणि घटना रोज तपासल्या जातात की वर्षातून ठरावीक वेळी. नवा प्रदेश सुरुवातीलाच बंद ठेवायची सोय आहे का. दाखवलेल्या सगळ्या चित्रफिती गेमच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतील आणि या चारांपैकी एकाचंही उत्तर नसेल, तर मी तीन महिने थांबेन. त्यांना विचारा. नेमके प्रश्न आले की नेमकी उत्तरं द्यावी लागतात, निदान टाळाटाळ तरी उघड दिसते.

तोवर आहे त्या मशीनवर थोडा श्वास मिळवता येतो. ऑटोसेव्ह दर महिन्याऐवजी वर्षातून एकदा करा. महिन्याच्या एक तारखेला बसणारे हिसके त्यातले बरेच असतात. राज्यांची किंवा वस्ती करण्याजोग्या ग्रहांची संख्या सुरुवातीला कमी करता येत असेल तर करा. संगणकाच्या हातातली पात्रं कमी होण्यासारखा दुसरा उपाय नाही. मॉड एकेक करून काढून मोजा. माझ्या अनुभवात 'गेमने दगा दिला' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे रोज दरबार धुंडाळणारा एखादा मॉड निघतो, माझ्या त्या जुन्या मॉडसारखाच. कर्ज काढून प्रोसेसर घेऊ नका. घ्यायचाच असेल तर दोन्ही मोजण्या हातात आल्यावर घ्या, आणि कोरच्या आकड्याऐवजी कॅशचा आकडा पाहून घ्या. मोजणी झाली की गेमचं नाव, आवृत्ती, प्रोसेसर आणि तीन वेळा आलेले आकडे मला कळवा. शक्य असेल तर सेव्ह फाइलही द्या. मी माझ्याकडे चालवून पाहीन.